नोंद हवी, सरसकट जमा नको

आचारसंहिता लागली की सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा विषय निघतो. २०२४ मध्ये ती दोन्ही वेळा ऐन पिकात लागली: लोकसभेसाठी १६ मार्चला, काजू-आंब्याच्या हंगामात, विधानसभेसाठी १५ ऑक्टोबरला, भात कापणीला आले असताना. रानडुकरांचा कळप रात्री शेतात शिरला की सकाळी तुडवलेले, चिखलात लोळलेले भात तेवढे दिसते. ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढला तरी कळप पांगतो. तीच बंदूक ठाण्यात असली की शेतकऱ्याने रात्रभर डबे बडवायचे.

जमा करणाऱ्यांचे म्हणणे असे की निवडणुकीत धोका कशाला, बंदूक ती बंदूक. हे म्हणणे कायद्यालाच मान्य नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करते आणि गरज खरी असेल तर परवाना द्यावा असे सांगते. शहरातल्या माणसाच्या कमरेचे पिस्तूल आणि ही बंदूक एका रांगेत बसत नाहीत. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकट जमा करण्याला हरकत घेतली. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासायचा असतो: कोण जामिनावर सुटला आहे, कोणावर गुन्हे आहेत, कोण पूर्वी दंगलीत होता. हे काम कष्टाचे आहे, म्हणून ते टाळून सगळ्यांनाच ठाण्यात बोलावणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

मात्र याच चिडीतून ‘नोंदणीच नको’ असा सूर निघतो, तोही चुकीचा आहे.

रात्रीच्या चोरट्या शिकारीत सावज समजून सोबत्यावरच गोळी झाडली गेल्याच्या घटना कोकणात घडल्या आहेत. बिनपरवाना बंदुकीचा माग लागत नाही आणि संशय मात्र परवानाधारकांवर जातो. नोंद त्यांनाच वाचवते. बापाची बंदूक मुलाच्या नावे होण्याची सोयही २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, तरी वारसाला परवाना मिळू शकतो. कागदच नसेल तर हा हक्क सांगायचा कशावर?

ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेली. त्यानंतर नोंदणी सक्तीची झाली, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेतल्या; तरी खरी गरज दाखवणाऱ्या शेतकऱ्याकडे बंदूक राहिली.

मालवणात नोंदीला आणखी एक पदर आहे. इथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नाव नोंदवायचे आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सहमतीशिवाय द्यायचा नाही. नाव जरूर नोंदवावे. पण समुद्रातल्या प्रवाळासाठी राखलेल्या क्षेत्रापायी डोंगरउतारावरच्या काजू बागायतदाराचा परवाना अडून राहावा, हे पटण्यासारखे नाही. अशा अर्जांवर ठरावीक मुदतीत निर्णय झाला पाहिजे.

तडजोड दोन्हीकडून व्हायला हवी. निवडणूक जाहीर होण्याआधीच तालुकावार याद्या तपासाव्यात, ज्याची बंदूक घ्यायची त्याला कारणासह नोटीस द्यावी आणि आयोगाच्या सूचनेप्रमाणे निकालानंतर आठवड्याने ती परत करावी. शेतकऱ्यानेही वर्षातून एकदा बंदूक आणि दारूगोळ्याचा हिशेब दाखवावा. शिकारीसाठी ती कोणाला उसनी दिल्याचे सिद्ध झाले तर परवाना रद्द व्हावा, आणि तेव्हा गावाने त्याची रदबदली करायला ठाण्यात जाऊ नये.