डाग कपड्याला, की बाईला?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या केंद्रावर एक बाई आली. वय एकोणतीस. दोन मुली, एक मुलगा. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ऑपरेशन केलेलं. म्हणाली, "ताई, दहा दिवस झाले, थोडं थोडं अंगावरून जातंय. काळपट. ओटीपोटात एका बाजूला कळ येते." पाळी कधी आली होती, असं विचारलं तर म्हणाली, "हीच की पाळी. उशिरा आली आणि नीट येत नाही." गल्लीतल्या डॉक्टरने पोटाला हात न लावता रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या होत्या.

"दिवस तर गेले नसतील?" मी विचारलं. ती दचकली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "असलं बोलू नका हो ताई. ऑपरेशन झालंय माझं. घरात कुणी ऐकलं तर?"

लघवी तपासली. पट्टीवर दोन रेघा आल्या. गर्भ नळीत वाढत होता. त्याच रात्री सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, म्हणून ती वाचली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला पहिला प्रश्न विचारला, तो तिच्या तब्येतीचा नव्हता. "ऑपरेशन झालेलं असताना हे झालंच कसं?" प्रश्नाचा रोख कुठे होता, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

ऑपरेशन क्वचित फसतं. फसलं तर गर्भ नळीतच रुजण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यात बाईची काहीही चूक नसते. पण ऑपरेशनच्या वेळी तिची सही घेतली गेली, कागद वाचून कुणी दाखवला नाही. तिच्या वाट्याला आला तो संशय.

बाईच्या पाळीवर किती जणांचं लक्ष असतं! सासूबाईंना नातू हवा असतो, म्हणून त्या दिवस मोजतात. देवघर, लोणच्याची बरणी, घरातलं लग्नकार्य या सगळ्यांना तिच्या तारखा ठाऊक असतात. दवाखान्यात केसपेपरवर पहिला प्रश्न तोच, शेवटची पाळी कधी? फक्त तिला स्वतःला कुणी सांगत नाही की कुठलं रक्त पाळीचं आणि कुठलं नाही. आपण म्हणतो, "कावळा शिवला", "अडचण आहे". थेंबभर डाग पडो की चार दिवस धो धो जावो, एकदा बाहेर बसली की बसली. शिवाशिवीच्या हिशेबात रक्ताला रंग नसतो, प्रमाण नसतं. म्हणूनच लहानपणापासून आपण रक्त लपवायला शिकलो, बघायला शिकलो नाही.

तर आता बघू या. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडण्याची कारणं बरीच आहेत. बीज सुटताना काहींना पडतो. तांबी बसवल्यावर, गर्भनिरोधक गोळी चुकल्यावर, तातडीची गोळी घेतल्यावर पडतो. जंतुसंसर्ग, पिशवीतल्या गाठी, थायरॉईड हीही कारणं असतात. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तपासणी टाळू नये. गर्भाशयमुखाचा किंवा पिशवीचा कर्करोग त्यातून वेळेवर सापडू शकतो.

आणि एक कारण गर्भधारणेचं. गर्भ राहिल्यावर साधारण दहा ते चौदा दिवसांनी, म्हणजे नेमकी पाळी यायच्या सुमारास, काहींना फिकट गुलाबी किंवा तपकिरी डाग एखाददोन दिवस दिसतो. पाळीसारखा तो वाढत जात नाही. छाती जड होणं, मळमळ, थकवा, वारंवार लघवीला होणं ही लक्षणं पुढे येतात. ती "पित्त झालंय" म्हणून अंगावर काढली जातात. नुसत्या लक्षणांवरून खात्री होत नाही. पाळी चुकल्यावर लघवीची तपासणी करावी, नाही आली तर आठवड्याने पुन्हा. आशाताईंमार्फत 'निश्चय' ही तपासणीची पट्टी गावोगाव दिली जाते. पाळी चुकून डाग आणि एका बाजूला कळ, चक्कर किंवा खांदा दुखणं असेल, तर तासभरही थांबू नका. थेट मोठं रुग्णालय गाठा.

हा डाग पाळी समजला गेला तर काय होतं? गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे हिशेबातून सबंध महिना गळतो. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करता येतो. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं लागतं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही तोच हक्क दिला. पण हक्क आठवड्यांत मोजला जातो आणि आठवडे मोजायचं ज्ञान तिला दिलेलं नाही, तर तो हक्क कागदावरच राहणार.

कुणी म्हणेल, एवढं सांगून बायकांना घाबरवता कशाला? डॉक्टर आहेत ना! डॉक्टरांवर सोडल्याचा परिणाम बीडमध्ये दिसला. २०१९ साली तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाणं, पोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या या बायका. जिला आपल्या रक्ताबद्दल काहीच माहीत नाही, तिला "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" एवढं एक वाक्य पुरतं. खरी भीती अज्ञानातून येते, आणि त्या भीतीवर कुणाचा तरी धंदा चालतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. रक्तस्राव किंवा पोटदुखी घेऊन येणाऱ्या जननवयातल्या प्रत्येकीची गर्भाची तपासणी आधी करा, ऑपरेशन झालेलं असो नसो, लग्न झालेलं असो नसो. तिला एकटीला विचारा, सासूबाईंना बाहेर बसवून. शाळेत पाळीचा धडा शिकवताना पाळी नसलेल्या रक्ताबद्दलही सांगा.

आणि मैत्रिणींनो, आपणही एक करू या. दुधाचे खाडे, गॅसची तारीख आपण न चुकता कॅलेंडरवर लिहितो. तशी रक्ताची नोंदही ठेवू या: तारीख, रंग, किती दिवस, दुखलं का. मात्र भिंतीवर नको, आपल्या स्वतःच्या वहीत. घराने आपली पाळी पुष्कळ मोजली. आता ती आपली आपण मोजू या.