कूपन एकाचे, हिशेब दुसऱ्याचा

एकाच घरातील दोघांच्या ई-मेल पेटीत एकाच दुकानाची दोन पत्रे येतात. दोन्ही पत्रांवर दिवाळीच्या पणत्यांचे तेच चित्र असते आणि मायनाही तसाच आपुलकीचा असतो. फरक असतो तो तळाशी छापलेल्या सांकेतिक अक्षरांत. त्या अक्षरांवर एकाला दहा टक्के सवलत मिळते, तर दुसऱ्याला पंचवीस टक्के. दहा टक्केवाला ग्राहक गेली चार वर्षे त्या दुकानातून नियमित खरेदी करणारा असतो. पंचवीस टक्के सवलत मात्र जिने गेल्या सहा महिन्यांत एकदाही पैसे मोजलेले नाहीत, दोनदा वस्तू टोपलीत टाकून तशीच सोडून दिली, तिच्या वाट्याला आलेली असते. निष्ठावान ग्राहकाला कमी आणि चंचल ग्राहकाला जास्त, असा हा उलटा न्याय प्रथमदर्शनी चूक वाटतो. प्रत्यक्षात ती चूक नसते. संगणकाने केलेला तो अचूक हिशेब असतो. जो तसाही खरेदी करणारच आहे, त्याला सवलत देऊन पैसे का घालवायचे, हा त्या हिशेबाचा पाया आहे.

व्यक्तिगणिक वेगळे कूपन ही आता ऑनलाइन व्यापारातील नेहमीची गोष्ट झाली आहे. तिच्याकडे केवळ विक्रीची युक्ती म्हणून पाहून चालणार नाही. वस्तूची किंमत कोण ठरवते, कशाच्या आधारे ठरवते आणि ज्याच्यासाठी ती ठरते त्याला त्याची कल्पना असते का, असे तीन प्रश्न तिच्या मागोमाग येतात.

कूपन ही कल्पना तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाच्या प्रसारासाठी आसा कँडलर यांनी एक पेला फुकट देणारी चिठ्ठी वाटली. ती आधुनिक कूपनाची सुरुवात मानली जाते. व्यापारी ई-मेलचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आहे. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तत्कालीन जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना संगणकाच्या विक्रीचा एकच संदेश पाठवला आणि अनाहूत जाहिरातीची मुहूर्तमेढ रोवली. त्या चिठ्ठीत आणि त्या संदेशात एक साम्य होते. ज्याला ते मिळाले त्या प्रत्येकाला तेच मिळाले. वर्तमानपत्रातून कापून घेतलेले कूपन गिरगावात चाले तसेच दादरलाही चाले. ते कोणी वापरले, हे दुकानदाराला कळत नसे आणि कळण्याची त्याला फारशी गरजही नसे.

वैयक्तिक कूपनाने हेच बदलले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ‘दिवाळी१०’ यासारखा सर्वांसाठी असलेला संकेत एकदा बाहेर फुटला की आवरता येत नाही. तो मित्रमंडळींत फिरतो, कूपने गोळा करून ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर जातो आणि ज्यांच्यासाठी तो नव्हता तेही त्याचा लाभ घेतात. असे संकेत खरेदीच्या वेळी आपोआप लावून देणाऱ्या ‘हनी’ या ब्राउझरमधील साधनासाठी पेपॅल कंपनीने २०१९ साली सुमारे चार अब्ज डॉलर मोजण्याचे जाहीर केले, यावरून या गळतीचा आवाका लक्षात यावा. तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र संकेत तयार केला जातो. यादीतील ई-मेल पत्त्यासमोर तो नोंदवला जातो आणि पत्र निघताना नावाप्रमाणेच त्या त्या पत्रात बसवला जातो. तो किती वेळा चालेल, कोणत्या तारखेपर्यंत चालेल, किमान किती रकमेच्या खरेदीवर आणि कोणत्या वस्तूंवर चालेल, हे सारे आधीच ठरलेले असते. पैसे भरताना दुकानाची यंत्रणा तो पडताळते आणि वापर झाला की बाद करते.

हे संकेत क्रमवार नसावेत, ही त्यातली पहिली दक्षता. पाचशे एकनंतर पाचशे दोन येणार हे कळले की कोणीही दुसऱ्याचे कूपन वापरू शकतो. दिसायला सारखे असलेले शून्य व ‘ओ’ आणि एक व ‘आय’ वगळले, तर इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ३२ चिन्हे उरतात. त्यांतून यादृच्छिकपणे आठ चिन्हांचा संकेत केला, तर शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. त्यांपैकी एक लाखच संकेत वाटले असतील, तर अंदाजाने एखादा लागण्याची शक्यता साधारण एक कोटीत एक इतकी कमी राहते. तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था चोख आहे आणि त्यात गैर काहीच नाही. प्रश्न पुढे सुरू होतो. कारण असा संकेत सवलत देतो तसाच तो ओळखही पटवतो. तो वापरला गेल्याक्षणी कोणत्या पत्रामुळे, कोणत्या व्यक्तीने, किती सवलतीवर आणि किती दिवसांनी खरेदी केली, याची नोंद होते. पुढच्या वेळी त्या व्यक्तीला किती सवलत पुरेल, याचा अंदाज त्या नोंदीवरून बांधता येतो.

अलीकडच्या घडामोडींनी या नोंदीचे मोल आणखी वाढवले आहे. पत्र उघडले गेले की नाही हे कळावे म्हणून त्यात एक अदृश्य चित्र दडवण्याची प्रथा होती. ॲपलने २०२१ साली आपल्या मेलमध्ये अशी चित्रे आधीच उतरवून ठेवण्याची सोय आणली आणि पत्र किती जणांनी वाचले, हा आकडा बेभरवशाचा झाला. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांवर कडक नियम लादले. पाठवणाऱ्याची ओळख प्रमाणित असणे, एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय असणे आणि तक्रारींचे प्रमाण मर्यादेत राखणे त्यांना बंधनकारक झाले. सरसकट पत्रांचा भडिमार त्यामुळे महाग पडू लागला. मोजक्याच लोकांना, नेमके आणि परिणाम मोजता येईल असे पत्र पाठवणे भाग पडले. वापरलेले कूपन ही या बदलातही टिकून राहिलेली खात्रीची मोजपट्टी आहे.

व्यापाऱ्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. हजार रुपयांची वस्तू सातशे रुपयांना पडत असेल, तर तिच्यावर तीनशे रुपये सुटतात. वीस टक्के सवलत दिली की हाती शंभरच राहतात. पूर्वीइतकाच नफा मिळवायला तिप्पट माल विकावा लागतो. एखाद्या लहान उद्योजकाने सणासुदीला सर्वांनाच अशी सवलत वाटली, तर विक्री वाढूनही तो तोट्यात जाऊ शकतो. म्हणून जाणकार व्यापारी यादीतील काही ग्राहकांना मुद्दाम कूपन पाठवत नाहीत आणि दोन्ही गटांच्या खरेदीची तुलना करतात. कूपनाविना झालेली खरेदी वजा केल्यावर जे उरते, तेवढेच कूपनाचे खरे यश. बड्या कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या छोट्या विक्रेत्याला हे साधन नाकारणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, याच साधनाची दुसरी बाजू जगाने पाहिली आहे. २००० साली ॲमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळ्या किमतीत दिसत असल्याचे उघडकीस आले. हा फरक ग्राहकांच्या माहितीवरून केलेला नसून केवळ प्रयोग म्हणून यादृच्छिकपणे ठेवलेला होता, असा खुलासा कंपनीने केला. तरीही गदारोळ इतका झाला की हजारो ग्राहकांना फरकाची रक्कम परत करावी लागली. पुढे २०१२ साली चार्ल्स डुहिग यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीची कार्यपद्धती मांडली. गंधविरहित लोशन, काही पूरक औषधे अशा खरेदीवरून ग्राहक स्त्री गरोदर आहे का, याचा अंदाज तेथे बांधला जाई आणि त्यानुसार कूपने धाडली जात. एका मुलीच्या वडिलांना ही वार्ता कूपनांवरूनच कळल्याचा त्यातील किस्सा जगभर गाजला. त्याच्या तपशिलांविषयी पुढे शंकाही घेतल्या गेल्या. त्या लेखातील दुसरी बाब मात्र अधिक विचार करायला लावणारी होती. आपल्यावर पाळत आहे असे ग्राहकांना वाटू नये म्हणून बाळाच्या वस्तूंच्या कूपनांत गवत कापण्याच्या यंत्राची कूपने मिसळण्यात येऊ लागली. म्हणजे ग्राहकाची अस्वस्थता ओळखली गेली. पाळत मात्र थांबली नाही, ती फक्त झाकली गेली.

भारतात या प्रश्नाला एक खास वळण आहे. येथे वेष्टनबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. तिच्याहून अधिक दर आकारता येत नाही, कमी मात्र कितीही आकारता येतो. साहजिकच एकाच वस्तूसाठी दोघांकडून वेगवेगळे पैसे घ्यायचे असतील, तर त्याचा सोपा मार्ग सवलतीतून जातो. छापील भाव सर्वांना समान दिसतो आणि भेदभाव कूपनाच्या पोटात राहतो. ज्याला दहा टक्के मिळाले, त्याला आपल्याला काही तरी मिळाले असेच वाटते. शेजाऱ्याच्या तुलनेत आपण वीस टक्के अधिक मोजले, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

कायद्याने या प्रश्नाला स्पर्श केला आहे, पण हात घातलेला नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी एकाच वर्गातील ग्राहकांत भेदभाव करण्यास आणि ग्राहकांचे मनमानी वर्गीकरण करण्यास मनाई केली. पण ‘एकाच वर्गातील’ म्हणजे कोण? टोपली सोडून जाणारी आणि नियमित खरेदी करणारा हे दोन वेगळे वर्ग मानले, तर नियमाला अर्थच उरत नाही. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. खोटी निकड निर्माण करणे हा त्यांतलाच एक. ‘अवघे दोन तास उरले’ असे बजावून दुसऱ्या दिवशी तेच कूपन पुन्हा धाडणारी पत्रे त्यात बसू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एकाच प्रवासासाठी फोनच्या प्रकारानुसार वेगळे भाडे दिसत असल्याच्या तक्रारींवरून ओला व उबर यांना नोटिसा बजावल्या. दोन्ही कंपन्यांनी हा आरोप फेटाळला. आरोप खरा की खोटा यापेक्षाही महत्त्वाचे हे, की ग्राहकापाशी तो पडताळण्याचे काहीच साधन नव्हते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या कोंडीतून काही वाट काढू शकेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख बंधने लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी आणि समजून दिलेली असावी, ती देण्याइतकेच मागे घेणे सुलभ असावे, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा मागोवा घेऊन त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्यास तो मज्जाव करतो. त्यात कमाल दंडाची मर्यादा अडीचशे कोटी रुपयांची आहे. बिलासाठी दिलेला ई-मेल पत्ता पुढे खरेदीच्या सवयींचा पट मांडण्यासाठी वापरला जात असेल, तर त्या हेतूचा उल्लेख संमतीत होता का, हा प्रश्न आता विचारता येईल. मात्र त्या पटावरून किंमत ठरवली हे ग्राहकाला सांगावे, असे बंधन या कायद्यात स्पष्टपणे नाही.

न्यूयॉर्क राज्याने नेमके तेच पाऊल उचलले आहे. ग्राहकाच्या वैयक्तिक माहितीच्या आधारे संगणकीय सूत्राने किंमत ठरवली असेल, तर तसे किमतीजवळच ठळकपणे जाहीर करण्याची सक्ती करणारा कायदा तेथे २०२५ साली अमलात आला. तो वेगळी किंमत लावण्यास सरसकट बंदी घालत नाही. ती लपवण्यास बंदी घालतो. भारतासाठीही हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. ‘ही सवलत आपल्या पूर्वीच्या खरेदीवरून ठरवली आहे’ हे एक वाक्य पत्रात छापण्याचा खर्च काहीच नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याला त्याचा जाच वाटण्याचे कारण नाही.

ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी घेणे आपल्या बाजारपेठांना नवे नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. पेठेतल्या दुकानात घासाघीस चाले ती समोरासमोर. दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत असे आणि गिऱ्हाईकही दुकानदाराचा. शेजारच्या बाईला कोणत्या भावाने दिले हे कानावर पडत असे आणि न पटल्यास पायरी उतरून पलीकडच्या दुकानात जाण्याची मुभा असे. जुने गिऱ्हाईक म्हणून मिळणारी सूट हा संबंधांचा मान होता. नव्या व्यवस्थेत जुन्या गिऱ्हाइकाची निष्ठा हीच त्याला कमी सूट देण्याची सबब ठरते. दोघांपैकी एकाचाच चेहरा वाचला जातो, आणि तो वाचला जात आहे हे त्यालाच ठाऊक नसते.

ग्राहकाच्या हाती आज थोडेच उपाय आहेत. नको असलेल्या यादीतून नाव काढणे, खरेदीसाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवणे, घरातल्या दोघांनी आपापली पत्रे ताडून पाहणे आणि मुदतीच्या घाईला बळी न पडणे. ते उपयोगी आहेत. पण सावध राहण्याचा सारा भार ग्राहकानेच वाहावा, हे ग्राहकाला राजा म्हणवणाऱ्या बाजाराला शोभणारे नाही. अठरा महिन्यांची मुदत कंपन्यांना आपल्या यंत्रणा सुधारण्यासाठी दिली गेली आहे. ‘एकाच वर्गातील ग्राहक’ म्हणजे कोण, हे स्पष्ट करण्यासाठी प्राधिकरणानेही ती वापरली, तर दोन पत्रांतील दोन टक्केवाऱ्यांचे उत्तर ग्राहकाला निदान मागता तरी येईल.