जादा कोण, राखीव कोण?



कारखान्याच्या वहीत 'जादा' म्हणजे कामावरून काढायचा माणूस. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात जादा म्हणजे वाईट दिवसासाठी राखलेला आधार. शब्द एकच, पण हिशेब कोणाचा, यावर अर्थ ठरतो.

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याजवळ राजगड आहे. त्याच्या संजीवनी माचीला चिलखती बुरूज आहेत. आत बुरूज, बाहेरून त्याला कवचासारखा दुसरा तट. शांततेत हा खर्च फुकटचा वाटेल. बाहेरचा तट पडला की आतला लढतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

आपल्या बापजाद्यांनी रानात हेच केले. कपाशीत तुरीची ओळ टाकली, ज्वारीचा पेरा राखला. दाणा बुडाला तरी कडबा हाती. 2002 साली बीटी आली, तेव्हा पाकिटासोबत साध्या कपाशीची पुडी येई. ती कडेने लावायची, म्हणजे बोंडअळी बीटीला लवकर सरावत नाही. कित्येक ठिकाणी ती जादा समजून टाकली गेली. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडे पोखरली. कारणे आणखीही होती. न लावलेली पुडी त्यातले एक.

माणसांचेही तसेच. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हजारोंना पुन्हा कामावर घेतलेच नाही. गिरणीला जादा झालेले कितीतरी जण कोकणात, घाटावर, भावाच्या दोन एकरांत परतले. 2020 च्या टाळेबंदीतही शहराने सोडले, गावाने भाकरी दिली.

तरी विद्वान म्हणतात, शेतीवर माणसे जादा आहेत. पोरांना शेतीबाहेर चांगले काम मिळावे, हे आम्हालाही हवेच. पण ते मिळेपर्यंत, आणि ते सुटल्यावरही, त्यांना पोसतो कोण? हमीभावाच्या हिशेबात घरच्यांची मजुरी धरतात, ती पिकावर राबल्या दिवसांची. बिनकामाच्या दिवसांची भाकर कोणाच्याच वहीत नाही.

गडाच्या दुसऱ्या तटाचा खर्च पहारेकऱ्याच्या पगारातून कापत नसतात. देशाला शेती दुसरा तट म्हणून हवी असेल, तर तिचा खर्चही देशाने उचलावा.

जिल्हा बैठकीला येताना घरातली खाणारी तोंडे किती, वर्षाचे काम किती दिवसांचे, बाकीचे दिवस कशावर निघाले, एवढे लिहून आणा. ही वही आपणच मांडायची आहे.