शोभेला गुण किती द्यावेत?

कोलकात्याचा हिवाळा म्हणजे उत्सवांची लांबलचक माळ. पुस्तक मेळा, डोव्हर लेनची संगीत परिषद आणि मैदानावरचे क्रिकेट यांच्या जोडीला जुन्या वाहनांच्या मिरवणुकीलाही या शहरात मानाचे स्थान आहे. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली १९६४ मध्ये दिल्लीत आणि १९६८ मध्ये कोलकात्यात सुरू केली. लखलखीत केलेल्या मोटारी, त्या काळचे पोशाख केलेली कुटुंबे आणि दुतर्फा जमलेले कौतुकाचे डोळे हे दृश्य कोलकातावासीयांच्या पिढ्यांनी पाहिले आहे.

गेल्या दोन दशकांत मोटारसायकलींचे मेळावेही देशात रुजले. २०१३ मध्ये गोव्यात ‘इंडिया बाइक वीक’ प्रथम भरला. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्यासारख्यांनी मोटारसायकलींच्या रूपांतराला छंदाच्या पलीकडे नेऊन व्यवसायाची प्रतिष्ठा दिली. शनिवार-रविवारची सुट्टी अशा प्रदर्शनांत घालवणारे तरुण आता मोठ्या शहरांत सर्वत्र आढळतात. प्रदर्शन आले की स्पर्धा आली, स्पर्धा आली की परीक्षक आले. आणि परीक्षकांनी गुण द्यावेत तरी कशाला, हा प्रश्नही त्यांच्यामागोमाग आला.

जुने वाहन जपणाऱ्यांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. वाहन मूळ रूपाशी किती प्रामाणिक आहे, हे पाहायचे. शासनानेही ही निष्ठा मान्य केली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. अशी वाहने रोजच्या वापरासाठी नसली, तरी प्रदर्शनात आणि रॅलीत ती सन्मानाने उतरू शकतात.

रूपांतरित मोटारसायकलींची कसोटी मात्र याच्या नेमकी उलट असते. बुलेट, येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० घ्यायची आणि ती ओळखू येणार नाही इतकी बदलायची. अमेरिकन ‘चॉपर’सारखा पुढचा चिमटा लांबवायचा, लंडनच्या ‘कॅफे रेसर’सारखे हँडल खाली आणायचे, मागचा मडगार्ड उडवायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. या कामात कारागिरी निश्चितच असते. पत्रा ठोकून टाकीला डौल देणारा, जोडाची खूणही न दिसेल असे वेल्डिंग करणारा मिस्त्री हा कलावंतच होय. पण जेवढे वेगळेपण तेवढे गुण, असा हिशेब मांडला की काय होते, हे रस्त्यावर दिसते.

साडीगार्डचेच उदाहरण घ्यावे. रूपांतर करताना बहुधा पहिला बळी त्याचाच जातो, कारण ते रेखीव दिसत नाही. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकला जावा, तिला धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२३ वा नियम सांगतो. साडी किंवा ओढणी चाकात अडकून स्त्रियांचे जीव गेल्याच्या बातम्या वाचणाऱ्या समाजात या पत्र्याची किंमत कोणाला समजावून सांगावी लागू नये. सायलेन्सरचेही तसेच. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींसाठी निर्मितीच्या वेळी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती ओलांडणाऱ्या गाडीचा रुबाब मालकाचा असतो, झोपमोड मात्र सगळ्या गल्लीची होते. लांबवलेल्या चिमट्याची गाडी प्रदर्शनाच्या गालिच्यावर ऐटीत दिसते. कोलकात्याच्या अरुंद गल्लीत ती वळवताना आणि ओल्या ट्राम-रुळांवरून नेताना खरी परीक्षा होते.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. वाहन कर्जाऊ असेल, तर वित्तसंस्थेच्या लेखी संमतीवाचून त्याला हात न लावणे हेच शहाणपण.

या कठोरपणामुळे कला मरेल, अशी छांदिष्टांची तक्रार असते. ती अगदीच निराधार नाही. बेकायदा ठरणारा मिस्त्री शिकत नाही, तो लपतो. पण कायद्याने रूपांतराची सर्व दारे बंद केलेली नाहीत. मंजूर संच वापरून इंधन बदलता येते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी वाहनात बदल करून नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेण्याची मुभा दिली आहे.

इथे एका दुर्लक्षित वाहनाची आठवण व्हायला हवी. दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेली स्कूटर प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. ती बनवणाऱ्या मिस्त्रीला भार कसा विभागेल, वळणावर गाडी कलंडणार कशी नाही आणि ब्रेक हातानेच कसा लागेल, याचा विचार करावा लागतो. त्या दोन चाकांमुळे कोणी नोकरीला जातो, कोणी दुकान चालवतो, कोणी मुलीला शाळेत सोडतो. रूपांतराचा याहून मोठा हेतू कोणता? तरीही प्रदर्शनाच्या रंगीत प्रकाशझोतात ही स्कूटर क्वचितच उभी राहते.

म्हणून परीक्षकांनी आपली गुणपत्रिका नव्याने आखावी. १०० पैकी ४० गुण रूपाला, ३० कारागिरीला आणि ३० रस्त्यावरच्या वागणुकीला द्यावेत. ब्रेक, दिवे, आरसे, आवाज आणि मागे बसणाऱ्याची सुरक्षा यांत नापास झालेल्या गाडीला बक्षीस नसावे, मग ती कितीही देखणी असो. आणि जुन्या मोटारींच्या रॅलीचा धडा गिरवून, स्पर्धेत उतरलेल्या मोटारसायकलीने टेम्पोतून न येता, नोंदणीपत्र आणि विमा बाळगून, स्वतःच्या चाकांवर यावे आणि परत जावे.

परीक्षक ज्याला गुण देतात, तेच उद्याचा तरुण मिस्त्री शिकतो. शोभेला गुण जरूर द्यावेत. पण चाकाच्या वर बसलेल्या माणसाला ते आधी द्यावेत.