देणाऱ्या आईला दोष कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकू रडतच घरी आल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी आपली एक किडनी मुलाला दिली होती. ऑपरेशन छान झालं, पेढे वाटले. आणि आता मुलाला ताप, जुलाब, अंगात त्राण नाही. तपासणीत सीएमव्ही नावाचा विषाणू निघाला. नात्यातलं कुणीतरी बोलून गेलं, ‘आईच्या किडनीतूनच आला असणार.’ काकू विचारत होत्या, ‘‘ताई, मीच का हो लेकराला आजार दिला?’’

मैत्रिणींनो, हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात झोपलेला असतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कांजिण्यांचा विषाणू नाही का, वर्षानुवर्षं दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो? तसंच हे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. पहारा सैल झाला की झोपलेला विषाणू जागा होतो. तो किडनीबरोबर येऊ शकतो हे खरं, पण रुग्णाच्या स्वतःच्या अंगातलाही उठू शकतो. मग यात आईचा काय दोष?

चुकलं ते वेगळंच. विषाणू रोखणाऱ्या गोळ्या महाग, म्हणून ‘आता बरा दिसतोय’ असं म्हणत घरच्यांनी त्या मधेच बंद केल्या. ताप आला तर चार दिवस मेडिकलमधली तापाची गोळी दिली. आपण सगळ्याच असं करतो. पण किडनी बदललेल्या माणसाचा ताप हा घरगुती ताप नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला हवा.

दुसरा असतो बीके विषाणू. १९७१ साली तो लंडनमधल्या एका किडनी बदललेल्या रुग्णात पहिल्यांदा सापडला. तो किडनीतच मुक्काम करतो. बहुतेकदा ना ताप, ना दुखणं, फक्त क्रिएटिनिन वाढतं. त्यावर अजून खात्रीचं औषध नाही. वेळीच कळलं तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करून त्याला आवरतात. म्हणून ‘त्रास नाही, तर कशाला शहरात खेटे घालायचे?’ हे म्हणणं महागात पडतं. आणि हो, डॉक्टरांना न विचारता गोळ्या आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत!

कुणाच्या घरी असं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधीच विचारून घ्या. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सीएमव्हीची तपासणी झाली का? गोळ्या किती महिने? रक्ततपासणी कधी कधी? कांजिण्यांची लस आधी घ्यायला हवी का? हा खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरा.

काकूंचा मुलगा आता औषधांनी सावरतोय. आपल्याकडे किडनी द्यायला बायकाच पुढे होतात. त्यांना निदान बोल तरी लावू नका.