लॅब आणि जर्मन शेफर्डची पिल्लं हवीत? आधी एक्स-रे काढा

घरात लॅब्रॅडॉर नर आणि जर्मन शेफर्ड मादी आहे, मग पिल्लं होऊ द्यायची का? ‘क्रॉस ब्रीड दणकटच असते’ हे अर्धंच खरं. संकरामुळे काही आनुवंशिक आजार टळतात. पण खुब्याच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, या दोन्ही जातींत आढळतो आणि तो पिल्लांतही उतरू शकतो. कुत्रा वरून धडधाकट दिसणं पुरेसं नाही, दोघांचेही एक्स-रे हवेत.

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. एका वेळी आठ-दहा पिल्लंही होतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, म्हणजे तोवर सगळी तुमच्याच हॉलमध्ये! ‘एक आम्हाला द्या’ म्हणणारे मित्र तेव्हा फोन उचलतीलच असं नाही. घरं आधीच पक्की नसतील, तर नसबंदीच करून घ्या.