पिंपल्ससाठी हार्मोनच्या गोळ्या: दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, मग ऐकायचं कुणाचं?

कोल्हापुरातली १९ वर्षांची एक मुलगी. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला खोल, दुखरे पिंपल्स, पाळीच्या आधी तर जास्तच. राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिलं. आईच्या ओळखीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, आधी सोनोग्राफी करू, मग गर्भनिरोधक गोळ्या सुरू करू. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "हे तर बीपीचं औषध हाय की!" घरी आजीचा निकाल तयार होता, लग्नाआधी असल्या गोळ्या नकोत.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण गोंधळ घरोघरचा आहे. आणि बहुतेक वेळा यात कुठलाच डॉक्टर खोटं बोलत नसतो. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

आधी सोनोग्राफीचं बघू. रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक ओव्हरी' असं आलं की घरात सुतकी वातावरण होतं. प्रत्यक्षात त्या 'गाठी' म्हणजे अर्धवट वाढलेली, बीजांडं असलेली छोटी पुटकं असतात आणि कोवळ्या वयात ती अनेक निरोगी मुलींमध्येही दिसतात. म्हणूनच पीसीओएसबद्दलच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं की पहिली पाळी आल्यापासून ८ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच ही रक्ततपासणी वापरू नये. त्या वयात अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, दोन्ही असावी लागतात. आता आपल्या मुलीला पाळी तेराव्या वर्षी आली असेल, तर ती अजून या ८ वर्षांच्या आतच आहे. म्हणजे पाळी नियमित असेल तर नुसत्या सोनोग्राफीवरून तिला 'पीसीओएसवाली' ठरवता येत नाही. हार्मोनमुळे येणारे पिंपल्स आणि पीसीओएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे पिंपल्स येणाऱ्या कित्येक जणींचे रक्तातले हार्मोन अगदी नॉर्मल असतात, त्यांची त्वचाच त्या हार्मोनला जास्त प्रतिसाद देते.

आता गोळ्या. इथे डॉक्टरांचंच काय, देशांचंही एकमत झालं नव्हतं. सायप्रोटेरॉन असलेली डायान-३५ ही गोळी घ्या. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सनं तिची विक्री थांबवण्याचा निर्णय घेतला. कारण, गेल्या २५ वर्षांत रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या ४ मृत्यूंशी या गोळीचा संबंध जोडला गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात युरोपच्या औषध यंत्रणेनं तीच माहिती तपासली आणि उलट निष्कर्ष काढला: मलम किंवा अँटिबायोटिकनं फरक न पडलेल्या मध्यम ते तीव्र पिंपल्ससाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे, फक्त निव्वळ गर्भनिरोधक म्हणून ती वापरू नका. २०१४ मध्ये गोळी फ्रान्सच्या दुकानांत परत आली.

आकडे बघितले की भांडण कशावरून होतं ते कळतं. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १० हजार महिलांपैकी वर्षाला साधारण २ जणींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांवर ५ ते ७, ड्रोस्पिरेनोनवर ९ ते १२. सायप्रोटेरॉनचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीड ते दोन पट मानला जातो. एकाला यात 'धोका अनेक पटींनी वाढला' दिसतं, दुसऱ्याला 'दहा हजारांत दहा-बारा'. दोन्ही खरंच आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका यापेक्षा जास्त असतो, हेही आजीला सांगायला हरकत नाही. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही भीती तर बिनबुडाची आहे.

पण हा झाला सरासरीचा हिशोब. डोळ्यांसमोर चमक येऊन सुरू होणारी अर्धशिशी, जास्त बीपी, आधी कधी झालेली गुठळी किंवा घरात कुणाला लहान वयात झालेली गुठळी, यातलं काही असेल तर चित्र एकदम बदलतं. हे डॉक्टरांनी विचारलं नसेल तर आपणहून सांगा.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल मेडिकलवाला चुकला नव्हता, ते मुळात बीपी आणि हृदयाच्या रुग्णांचंच औषध. पण ते त्वचेवर पुरुषी हार्मोनचा परिणामही अडवतं. ब्रिटनमध्ये ४१० महिलांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनी 'सुधारणा झाली' म्हणणाऱ्या औषध घेणाऱ्यांत ७२ टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ६८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारख्याच. २४ आठवड्यांनी मात्र ८२ विरुद्ध ६३. आमच्या मते गोंधळाची खरी गोम इथे आहे. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर बदलला, तर नवीन डॉक्टरला आधीचं औषध फेल गेलेलंच दिसणार!

या औषधाची एक अट मात्र कडक आहे. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो म्हणून गरोदरपणात ते चालत नाही. त्यामुळे लग्न ठरतंय किंवा मूल हवंय, हे डॉक्टरांना सांगणं लाजेचा विषय नाही. अनेकदा ते गर्भनिरोधक गोळीसोबतच दिलं जातं, म्हणजे ज्या दोन चिठ्ठ्या एकमेकींविरुद्ध वाटत होत्या त्या एकत्रही चालू शकतात.

मग करायचं काय? एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापासून लपवू नका, दोन्ही टेबलावर ठेवा आणि विचारा: तुम्ही पिंपल्सवर औषध देताय की पाळीवर? फरक पडला की नाही हे कितव्या महिन्यात ठरवायचं? माझ्या बाबतीत हे कधी बंद करावं लागेल? उत्तरं पटली नाहीत तर तिसरं मत घ्या. खासगीतली फी परवडत नसेल तर सीपीआर आहेच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, आणि मागितलेले कागद डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावेत असा नियम २००२ पासून आहे.

मैत्रिणीनं सुचवलेली 'गोरं करणारी' क्रीम मात्र मधे घुसवू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं स्वतःच पिंपल्स येतात आणि मग कोणत्या औषधानं काय झालं हे कुणालाच कळत नाही. आणि गर्भनिरोधक गोळी सुरू असताना एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ किंवा अचानक धाप लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा आणि गोळीचं नाव सांगा.